पालाब्रा: शेजारी टाकलेला शब्द

स्पॅनिशच्या पहिल्याच चाचणीत माझ्या वहीत एक लाल गोल उमटला. मी ‘ला प्रोब्लेमा’ असं लिहिलं होतं. स्पॅनिशमध्ये नामं बहुतेक दोनच लिंगांची, पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी. आणि शेवटी ‘आ’ आला की शब्द बहुधा स्त्रीलिंगी, म्हणजे त्याच्याआधी ‘ला’ लावायचा, हे आम्हाला आदल्याच आठवड्यात शिकवलं होतं. ‘ला कासा’ म्हणजे घर, ‘ला मेसा’ म्हणजे टेबल, ‘ला पालाब्रा’ म्हणजे शब्द. मग एकट्या ‘प्रोब्लेमा’नंच काय घोडं मारलं होतं? बाईंनी ‘ला’ खोडून वर पुल्लिंगी ‘एल’ लिहिला होता. विचारलं तर म्हणाल्या, “तो ग्रीक आहे, त्याचे नियम वेगळे.” मग वही परत देताना जाता जाता म्हणाल्या, “तशी पालाब्रासुद्धा ग्रीकच म्हणा. दोघं एकाच घरातली.”

प्रॉब्लेम ग्रीक आहे हे एक वेळ पटतं. पण ‘शब्द’ या अर्थाचा शब्द? तो तर भाषेचा अगदी घरचा हवा. मीठ, पाणी, आई, हात यांच्या पंक्तीतला. सुमारे ५० कोटी लोकांची मातृभाषा असलेल्या स्पॅनिशनं तोच बाहेरून आणावा?

आणि ही पालाब्रा काही पुस्तकी नाही. आपण शब्द देतो, तेही पालाब्रा देतात. आपण शब्द पाळतो, तेही पाळतात. सभेत बोलायला उठायचं असेल तर ते ‘पालाब्रा मागतात’. समोरचा बोलत असताना पाठ फिरवून निघालात तर तुम्ही त्याला ‘तोंडात पालाब्रा असतानाच सोडलंत’. कागदपत्रांशिवाय तोंडी व्यवहार ठरवण्याला ‘आपालाब्रार’ असं क्रियापद आहे. आणि घसघशीत शिवीला म्हणतात ‘पालाब्रोता’, म्हणजे भला मोठा शब्द!

या शब्दाच्या मुळाशी ग्रीक ‘पाराबोले’ आहे. त्याचे दोन तुकडे. ‘पारा’ म्हणजे शेजारी, बाजूला. ‘बोले’ आला ‘बालेइन’ या क्रियापदातून, आणि बालेइन म्हणजे फेकणं, टाकणं. पाराबोले म्हणजे शेजारी टाकणं, किंवा शेजारी टाकलेली वस्तू. (‘बोले’ ऐकून आपलं ‘बोलणं’ आठवतं, तो निव्वळ योगायोग, त्याच्या नादी लागू नका.)

शेजारी टाकण्याचा आणि बोलण्याचा संबंध काय, हे कळायला साडीच्या दुकानात जावं. मोरपंखी रंग नेमका कसा, हे दुकानदार कधी शब्दांत सांगत बसत नाही. तो दुसरी साडी उचलतो, घडी मोडतो आणि पहिलीच्या शेजारी टाकतो. “आता बघा.” बस्स, काम झालं. अनोळखी वस्तू समजवायची तर ओळखीची वस्तू तिच्या शेजारी टाकायची. ग्रीकांनी तुलनेला पाराबोले म्हटलं ते याच अर्थानं. आपल्याकडे कीर्तनकार बुवा पूर्वरंगात काही अवघड सांगून झाल्यावर “दृष्टांत असा” म्हणून थांबतात आणि टाळकऱ्यांपासून पोरासोरांपर्यंत सगळे सावरून बसतात. तेच हे काम.

अ‍ॅरिस्टॉटलनं इ.स.पू. ४ थ्या शतकात वक्तृत्वावर लिहिताना या पाराबोलेला स्वतंत्र जागा दिली आहे. दाखले दोन प्रकारचे, तो म्हणतो: खरोखर घडलेले आणि रचलेले. रचलेल्यांत पुन्हा दोन: एक पाराबोले आणि दुसरा इसापाच्या असतात तशा कल्पित गोष्टी. पाराबोलेचं त्याचं उदाहरण मोठं मार्मिक आहे. अथेन्समध्ये बरेचसे अधिकारी चिठ्ठ्या टाकून निवडले जात. ते कसं चूक आहे हे सांगायचं तर म्हणावं: हे म्हणजे स्पर्धेला पाठवायचे मल्ल चिठ्ठ्या टाकून निवडण्यासारखं झालं, कोणाला कुस्ती येते हे न बघता, किंवा जहाजाचं सुकाणू कोणी धरायचं हे खलाशांमध्ये चिठ्ठ्या टाकून ठरवण्यासारखं. सॉक्रेटिस असं बोलायचा, अशी पुस्तीही तो जोडतो.

इथपर्यंत पाराबोले हा वक्त्यांचा शब्द होता. तो तिथेच राहिला असता तर आज फार तर साहित्याच्या विद्यार्थ्यांना माहीत असता. त्याला बाजारात, शेतात, स्वयंपाकघरात आणलं ते भाषांतरकारांनी.

इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात ज्यूंची मोठी वस्ती होती आणि तिथल्या अनेकांची रोजची भाषा ग्रीक झाली होती. इ.स.पू. ३ ऱ्या शतकापासून त्यांच्यासाठी हिब्रू धर्मग्रंथ ग्रीकमध्ये आणायचं काम सुरू झालं. हिब्रूमध्ये एक शब्द आहे ‘माशाल’. तो भलताच ऐसपैस. तुलना म्हणजे माशाल, म्हण म्हणजे माशाल, कोडं म्हणजे माशाल, टोमणा म्हणजे माशाल आणि द्रष्ट्यानं अंगात आल्यासारखं उच्चारलेलं काव्यमय भाकीतही माशालच. भाषांतरकारांनी त्याच्यासाठी बहुतेक ठिकाणी पाराबोले हा शब्द धरला. म्हणजे ग्रीकमध्ये ज्याचा अर्थ नेमका ‘तुलना’ होता, त्या शब्दावर माशालचं सगळं ओझं येऊन पडलं. भाषांतरात हे नेहमी होतं. आपल्याकडे ‘धर्म’ या शब्दाला इंग्रजीतल्या ‘रिलिजन’चं जोखड लावल्यापासून तो शब्द काय काय वाहतो आहे ते बघा.

मग आला येशू. तो बोलत असे बहुधा अरामी भाषेत, पण त्याचं चरित्र सांगणारी शुभवर्तमानं लिहिली गेली ग्रीकमध्ये. त्यांतल्या पहिल्या तिघांत त्यानं सांगितलेल्या छोट्या छोट्या गोष्टींना नाव आहे पाराबोले. मराठी बायबलात त्यासाठी ‘दाखला’ हा शब्द आहे: पेरणाऱ्याचा दाखला, हरवलेल्या मेंढराचा दाखला. मला तो फार आवडतो. उत्पन्नाचा दाखला काढायला तहसीलदार कचेरीत रांग लावणाऱ्या माणसाला हा शब्द असा घरगुती, गोष्टीतला भेटला की बरं वाटतं.

मोहरीचा दाखला बघा. देवाचं राज्य कशासारखं आहे? ते मोहरीच्या दाण्यासारखं आहे. पेरताना सगळ्यांत बारीक, पण उगवलं की असं वाढतं की पाखरं त्याच्या सावलीला राहतात. एका बाजूला देवाचं राज्य, ज्याचा आकार-उकार कोणालाच ठाऊक नाही. आणि त्याच्या शेजारी काय टाकलं, तर फोडणीतली मोहरी. ज्याला पाराबोले म्हणतात ते इतकं नेमकं दुसरीकडे क्वचित सापडेल.

ग्रीकमधून हा शब्द लॅटिनमध्ये ‘पाराबोला’ म्हणून गेला. इथे एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. ग्रीक लोक स्पेनच्या किनाऱ्यावर फार पूर्वी उतरले होते; आजच्या कातालोनियात इ.स.पू. ६ व्या शतकात त्यांनी एम्पोरिओन नावाची वसाहत केली होती आणि एम्पोरिओन म्हणजेच बाजारपेठ. पण पालाब्रा त्या गलबतांतून आली नाही. ती आली रोमनांच्या लॅटिनमधून, आणि तेही चर्चमधल्या लॅटिनमधून.

चर्चचं लॅटिन म्हटलं की जेरोमचं नाव येतं. इ.स. ३८२ च्या सुमारास पोप दमासस यांच्या सांगण्यावरून त्यानं बायबलचं लॅटिन रूप सुधारायला घेतलं आणि पुढची वीस-बावीस वर्षं त्यात घातली. त्यातली एकच जागा जवळून बघू, कारण माझ्या मते सगळी गंमत तिथेच घडते.

‘गणना’ या पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात मवाबचा राजा बालाक बलाम नावाच्या द्रष्ट्याला बोलावून घेतो आणि म्हणतो, या इस्राएली लोकांना शाप दे. बलाम वेदी बांधून घेतो, बळी देतो आणि मग तोंड उघडतो. हिब्रूमध्ये लिहिलं आहे: त्यानं आपला माशाल उचलला आणि म्हणाला. ग्रीकमध्ये: आपली पाराबोले उचलून म्हणाला. जेरोमच्या लॅटिनमध्ये: ‘आस्सुम्प्ता पाराबोला सुआ दिक्सित’, आपली पाराबोला उचलून तो म्हणाला.

आणि पुढे तो बोलतो काय? गोष्ट नाही, उपमा नाही, मोहरी नाही की मेंढरू नाही. ‘मला बालाकानं अरामाहून आणलं’ अशी सुरुवात करून तो सरळ भाकीत सांगतो. आता हे लॅटिन चर्चमध्ये ऐकणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याला हिब्रू माशाल ठाऊक नाही, अ‍ॅरिस्टॉटल ठाऊक नाही. ‘पाराबोला उचलून म्हणाला’ यातून तो काय समजणार? पाराबोला म्हणजे बोल, म्हणजे शब्द. ईयोबाच्या पुस्तकातही हीच वाक्यरचना येते: ईयोबानं आपली पाराबोला पुन्हा उचलली आणि म्हणाला. असं पुन्हा पुन्हा कानावर पडलं की अर्थ घसरतो. तुलना, मग दाखला, मग गोष्ट, मग भाषण, मग नुसता शब्द.

अर्थ असा पातळ होत जाणं आपल्याला नवं नाही. ‘गोष्ट’ हाच शब्द घ्या. संस्कृतात गोष्ठ म्हणजे गाईंचा गोठा. त्यावरून गोष्ठी म्हणजे मंडळी जमण्याची जागा, मग जमलेली मंडळी, मग त्यांच्या गप्पा. मराठीत येईतो गोष्ट म्हणजे कहाणी झाली, आणि तिथेही न थांबता ‘वस्तू’, ‘बाब’ झाली. “एक गोष्ट सांग” आणि “एक गोष्ट विसरलो” यांतल्या गोष्टी किती निराळ्या! गाईंचा वास तर कधीच उडाला.

पण लॅटिनकडे ‘शब्द’ या अर्थाचा स्वतःचा चांगला खणखणीत शब्द होता: ‘वेर्बुम’. त्याचं काय झालं? अभ्यासक याचं जे कारण देतात ते मला पटतं. योहानाच्या शुभवर्तमानाचं पहिलं वाक्य मराठीत आहे ‘प्रारंभी शब्द होता’. लॅटिनमध्ये त्या जागी वेर्बुम आहे, आणि तो शब्द म्हणजे साक्षात ख्रिस्त. ज्या शब्दानं देवाचा उल्लेख होतो तो भाजीवाल्याशी हुज्जत घालताना कसा वापरायचा? वेर्बुम देव्हाऱ्यात जाऊन बसला आणि रोजच्या कामाला पाराबोला आली. वेर्बुमचा वंशज स्पॅनिशमध्ये आहे अजून, ‘वेर्बो’, पण त्याच्याकडे काम उरलं व्याकरणातलं: वेर्बो म्हणजे क्रियापद.

आता पाराबोलाची पालाब्रा कशी झाली ते. लॅटिनमध्ये जोर पडे ‘रा’वर: पा-रा-बो-ला. जोराच्या अक्षरानंतरचा ‘बो’मधला ओ बोलता बोलता गिळला गेला. आपणही ‘नोकरी’ लिहितो आणि ‘नोक्री’ म्हणतो, ‘बातमी’ लिहितो आणि ‘बात्मी’ म्हणतो. पाराबोलाचं ‘पाराब्ला’ झालं. जुन्या स्पॅनिशमध्ये हे रूप सापडतं. मग र आणि ल यांनी जागा बदलल्या. पाराब्लाची पालाब्रा. हा अपघात एकटा-दुकटा नाही. लॅटिन ‘मिराकुलुम’ म्हणजे चमत्कार, त्याचं आधी ‘मिराग्लो’ आणि मग ‘मिलाग्रो’. ‘पेरिकुलुम’ म्हणजे धोका, त्याचं ‘पेलिग्रो’. रस्त्यावरच्या खड्ड्यापाशी लावलेल्या पाटीवर हाच पेलिग्रो असतो. तिन्ही ठिकाणी र पुढचा मागे गेला आणि ल मागचा पुढे आला.

हसू नका, आपण मराठी म्हणवतो तेच अशा अदलाबदलीच्या जोरावर. महाराष्ट्र या शब्दाचं प्राकृत रूप ‘मरहट्ठ’. नीट बघा: महारा-तला ह आधी आणि र नंतर, मरह-मध्ये र आधी आणि ह नंतर. १२ व्या शतकातल्या हेमचंद्रानं आपल्या प्राकृत व्याकरणात याची नोंद केली आहे. मरहट्ठमधून पुढे मराठा, मराठी. हिंदीत लोक डूबतात, मराठीत बुडतात, तेही त्यातलंच. संस्कृत लघूचं प्राकृतात लहू, आणि लहूचा उलटा होऊन आपला ‘हळू’. व्याकरणात याला वर्णविपर्यास म्हणतात. हा विपर्यास शब्द लक्षात असू द्या, तो पुढे पुन्हा भेटेल.

पाराबोलाची बाकीची भावंडं युरोपभर आहेत. इटालियनमध्ये ‘पारोला’, फ्रेंचमध्ये ‘पारोल’, कातालानमध्ये ‘पाराउला’, पोर्तुगीजमध्ये ‘पलाव्रा’. फ्रेंच आणि इटालियन लोकांनी त्यावरून बोलण्याचं क्रियापदही केलं: ‘पार्ले’, ‘पार्लारे’. (मुंबईच्या पार्ल्याशी संबंध नाही.) त्या फ्रेंच पार्लेची पिल्लं इंग्रजीच्या कडेवर बसून मराठीत आली आहेत आणि आपण ती रोज वापरतो. पार्लमेंट म्हणजे बोलण्याची जागा. आपल्या खासदारांकडे बघता हे नाव सार्थ की नाही ते ज्यानं त्यानं ठरवावं. पार्लर म्हणजे मुळात मठातली ती खोली जिथे मौन पाळणाऱ्यांनाही बाहेरच्यांशी बोलायची मुभा असे. म्हणजे ब्यूटी पार्लरमध्ये जो गप्पांचा फड रंगतो तो मूळ उद्देशाला धरूनच आहे. आणि कैदी पॅरोलवर सुटतो, तो फ्रेंच ‘पारोल’वर, म्हणजे दिलेल्या शब्दावर. परत येईन, पळून जाणार नाही, असा शब्द. “पॅरोलवर सुटलेला आरोपी फरार” अशी बातमी वाचली की मला वाटतं, ‘शब्द मोडला’ हे याहून शब्दशः कुठे म्हणता येईल?

पोर्तुगीज पलाव्रा तर आपल्या दारात येऊन उभी होती. गोव्यात १५१० ते १९६१ पोर्तुगीजांचं राज्य होतं. त्या भाषेतून मराठीनं पाव घेतला, बटाटा घेतला, चावी घेतली, पगार घेतला, पण पलाव्रा घेतली नाही. ‘शब्द’ होता ना आपल्याकडे. त्याच वाटेनं आलेला दुसरा ग्रीक मात्र गोव्यात पक्का रुजला. इगर्ज! पोर्तुगीज ‘इग्रेजा’, त्याआधी लॅटिन ‘एक्लेसिया’, त्याआधी ग्रीक ‘एक्क्लेसिया’. अथेन्सच्या नागरिकांच्या सभेचं हे नाव. म्हाताऱ्या आजीबाई रविवारी इगर्जीत जातात तेव्हा त्या, नावापुरत्या का होईना, अथेन्सच्या लोकसभेत निघालेल्या असतात.

स्पॅनिशनं मात्र बोलण्यासाठी वेगळं क्रियापद धरलं: ‘आब्लार’. ते आलं लॅटिन ‘फाबुलारी’वरून, म्हणजे गप्पा मारणं, आणि त्याची सख्खी बहीण ‘फाबुला’ म्हणजे गोष्ट, इसापाची असते तशी. इथे जरा मागे जाऊन अ‍ॅरिस्टॉटल आठवा. रचलेले दाखले दोन प्रकारचे म्हणाला होता: पाराबोले आणि इसापाच्या धर्तीच्या गोष्टी. आज माद्रिदमध्ये किंवा मेक्सिकोत कोणी साधं ‘तो एक शब्दही बोलला नाही’ म्हणतो, तेव्हा नाम त्यातल्या पहिल्या प्रकारातलं आणि क्रियापद दुसऱ्या प्रकारातलं. कोणी ठरवून केलं नाही, जमून आलं आहे.

जाता जाता, स्पॅनिशच्या तोंडात असे ग्रीक बरेच आहेत आणि वेशांतर केल्यामुळे ते ओळखू येत नाहीत. ‘तिओ’ म्हणजे काका-मामा, आणि स्पेनमधली पोरं एकमेकांना ‘यार’ या अर्थीही तिओच म्हणतात. तो ग्रीक ‘थेइओस’. ‘कादा’ म्हणजे प्रत्येक, तो ग्रीक ‘काता’. ‘कादेरा’ म्हणजे कंबरेचा कुल्ला, आणि तो आला ‘काथेद्रा’, म्हणजे आसन, यावरून. बसण्याच्या वस्तूचं नाव बसण्याच्या अवयवाला गेलं. त्याच काथेद्रापासून विद्यापीठातल्या प्राध्यापकपदाला ‘कातेद्रा’ म्हणतात. शाळेत तत्सम-तद्भव शिकलेल्या मराठी माणसाला हे लगेच कळेल: कातेद्रा तत्सम, कादेरा तद्भव. एक जशीच्या तशी पंडितांनी आणलेली, दुसरी लोकांच्या तोंडात घासून गुळगुळीत झालेली.

पालाब्रालाही अशी तत्सम बहीण आहे: ‘पाराबोला’. तिचे दोन अर्थ. एक बायबलातला दाखला. दुसरा भूमितीतला वक्र, ज्याच्या आकाराची डिश अँटेना घराच्या गच्चीवर असते. दाखल्याचा आणि वक्राचा काय संबंध?

इ.स.पू. २०० च्या सुमारास पेर्गाचा अपोलोनियस (हे गाव आजच्या तुर्कस्तानात येतं) शंकू कापून मिळणाऱ्या वक्रांवर काम करत होता. त्यानं या वक्रांना जी नावं दिली ती क्षेत्रफळं जुळवण्याच्या एका जुन्या खेळावरून. वहीवर एक पॅराबोला काढा, आडवा लोळलेला, असा की टोकापासून अक्षावरून १ सेंमी आत गेलं की वक्र अक्षापासून २ सेंमी वर असेल. ४ सेंमी आत गेलं की ४ सेंमी वर. ९ सेंमी आत गेलं की ६ सेंमी वर. आता उंचीचा चौरस करा: ४, १६, ३६. आणि अक्षावरच्या अंतराला ४ सेंमी या ठरलेल्या लांबीनं गुणा: १ चोक ४, ४ चोक १६, ९ चोक ३६. चौरसाचं क्षेत्रफळ आणि आयताचं क्षेत्रफळ, दर वेळी तंतोतंत सारखं. म्हणजे चौरसाचं क्षेत्रफळ त्या ४ सेंमीच्या रेघेच्या शेजारी आयत करून टाकलं तर ते नेमकं बसतं, न उरता, न कमी पडता. शेजारी टाकणं: पाराबोले. दुसऱ्या एका वक्रात ते कमी पडतं, म्हणून तो ‘एल्लेइप्सिस’, कमी पडणं. तिसऱ्यात जास्त होतं, म्हणून तो ‘हिपरबोले’, पलीकडे टाकणं. बोलताना कोणी मर्यादेच्या पलीकडे टाकलं तर तीही हिपरबोलेच. आपण तिला अतिशयोक्ती म्हणतो.

या वक्रासाठी मराठीत शब्द आहे ‘अन्वस्त’, आणि इथे मला आपल्या परिभाषाकारांना दंडवत घालावासा वाटतो. हिंदीनं पॅराबोलाचं ‘परवलय’ केलं, कानाला जवळ वाटेल असं. मराठीनं आवाज सोडून अर्थ धरला. अन्वस्त म्हणजे अनु अधिक अस्त. अनु म्हणजे मागोमाग, लगत. आणि हा अस्त सूर्यास्तातला नाही. संस्कृतात ‘अस्’ असा एक धातू आहे, अर्थ फेकणं, टाकणं. अस्त म्हणजे टाकलेलं. अन्वस्त म्हणजे लगत टाकलेलं. पाराबोलेचं इतकं चोख रूपांतर, आणि हायपरबोलाला तसंच ‘अपास्त’.

या अस् धातूचा पसारा पाहिला की छाती दडपते. जे फेकून मारायचं ते अस्त्र. पुन्हा पुन्हा त्याच जागी टाकत राहणं म्हणजे अभ्यास. खाली टाकणं, ठेवणं म्हणजे न्यास, आणि सगळंच खाली टाकून देणं म्हणजे संन्यास. दोन बाजूंना फाकवून टाकलेला तो वर्तुळाचा व्यास. उलटंपालटं टाकलेलं ते विपर्यास. वर्णविपर्यासातला तोच हा. आणि पदं एकत्र टाकली की समास.

तसाच ग्रीक बालेइनचा. एकत्र टाकलेलं ते ‘सिम्बोलोन’: यजमान आणि पाहुणा एखादी वस्तू मोडून अर्धी अर्धी ठेवत आणि पुढे कधी ते तुकडे जुळवून ओळख पटवत, आपल्या बोलण्यातला सिंबॉल तोच. आडवं टाकणारा, म्हणजे चहाड्या करणारा, तो ‘दियाबोलोस’. स्पॅनिशमध्ये ‘दियाब्लो’, सैतान. आणि पुढ्यात टाकलेलं ते ‘प्रोब्लेमा’. घ्या, सोडवा! संस्कृत अस् आणि ग्रीक बालेइन यांचं रक्ताचं नातं नाही. दोन वेगळ्या माणसांनी एकाच कापडातून निरनिराळे कपडे शिवावेत तसं झालं आहे.

एक गंमत अजून राहिली. हातातून फेकलेला दगड हवेतून जाताना जी वाट धरतो ती, हवेचा अडथळा सोडून दिला तर, अन्वस्ताचीच असते. पण अपोलोनियसनं नाव ठेवलं ते दगडाकडे बघून नव्हे. त्याच्या काळी हे कोणाला ठाऊक नव्हतं. ते सिद्ध करून छापलं गॅलिलिओनं, १६३८ साली. क्षेत्रफळ शेजारी टाकण्यावरून पडलेलं नाव दगड टाकण्यालाही लागू पडलं, तेही अठराशे वर्षांनी. वर्तमानपत्रात ‘बॅलिस्टिक क्षेपणास्त्र’ असं वाचाल तेव्हा मोजून बघा: बॅलिस्टिकमध्ये बालेइन, क्षेपणमध्ये क्षिप्, अस्त्रामध्ये अस्. फेकणं, फेकणं आणि फेकणं.

तर हे सगळं वाचून-शोधून मी पुढच्या चाचणीला गेलो. डोक्यात एवढंच पक्कं बसलेलं: प्रोब्लेमा ग्रीक, म्हणून पुल्लिंगी, पालाब्राही ग्रीक. मी ऐटीत ‘एल पालाब्रा’ लिहिलं. पुन्हा लाल गोल. वर्ग संपल्यावर बाई म्हणाल्या, “अहो, ग्रीकमध्ये तीन लिंगं आहेत. प्रोब्लेमा तिकडे नपुंसकलिंगी होता. इकडे येईतो ते लिंगच मोडीत निघालं, म्हणून तो पुरुषांच्या रांगेत उभा राहिला. पाराबोले तिकडेही बाईच होती.” मग वही माझ्या पुढ्यात टाकत म्हणाल्या, “दहा वेळा लिहून आणा. ला पालाब्रा.”